तापलेला समुद्र, उपाशी प्रवाळ
प्रवाळाचा तपकिरी रंग बव्हंशी त्याचा स्वतःचा नव्हे. तो त्याच्या पेशींत वस्ती करणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. या शैवालातील हरितद्रव्य व पेरिडिनिन ही रंगद्रव्ये सूर्यप्रकाश टिपतात आणि त्यातून तयार होणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. परंतु पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून अवघ्या एका अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. टिपलेला प्रकाश पचेनासा होतो, प्राणवायूची दाहक रूपे निर्माण होतात, रंगद्रव्ये नासतात आणि शैवाल बाहेर टाकले जाते. पारदर्शक कातडीखाली पांढरा सांगाडा तेवढा दिसतो. लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ व २०२४ साली हे भोगले. मालवणची व आपल्या ग्रँड बेटाजवळची प्रवाळेही याच अरबी समुद्रात आहेत.

पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळीच निवले तर शैवाल परतते. समुद्राचा ताप उतरविणे एकट्या गोव्याच्या हाती नाही. मात्र त्या आठवड्यांत नौकांचे नांगर, पर्यटकांचे पाय आणि गाळ यांपासून प्रवाळांना वाचविणे निश्चित आहे. पाणी तापताच तेथील जलपर्यटन थांबविण्याचा नियम सरकारने करावा. आजाऱ्याच्या उशाशी जत्रा भरवू नये, एवढे तारतम्य आपल्यापाशी असले पाहिजे.