पाठीवरचा डबा

‘प्राणायाम असताना हे वायरींचं खूळ कशाला?’ कॉलेजात बायोफीडबॅकचं, म्हणजे शरीरात काय चाललंय ते पडद्यावर पाहत आवरायला शिकण्याचं, नाव काढलं की स्टाफरूममधून हा सवाल हमखास येतो. सवाल करणाऱ्यांपैकी रोज प्राणायाम कितीजण करतात, हे मी विचारत नाही. चहा गार होतो.

यंत्राने परंपरा बाटते म्हणावं, तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच. कोरोनात घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लागला, तेव्हाही कुणाचा धर्म बुडाला नाही.

व्हायवाच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. ओठ कोरडे, तळहात ओढणीला पुसणं चाललेलं. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटल्यावर तिने खांदे कानापर्यंत चढवले, भराभर पाच-सहा श्वास ओढले आणि तिला गरगरायला लागलं. सल्ला चुकीचा नव्हता. तो आपल्याला जमतोय का, हे कळायची सोय तिला नव्हती. मग कानाच्या पाळीला क्लिप लावली. पडद्यावर ठोक्यांची रेघ करवतीसारखी. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. मिनिटाला साधारण सहा श्वासांच्या लयीत हा चढउतार सर्वांत ठळक होतो. ‘सोडताना फुंकर लांबव,’ एवढंच सांगितलं. आठ-दहा मिनिटांत करवतीची लाट झाली. ‘हे मी केलं?’ तिने विचारलं. माझ्या कुठल्याही उपदेशाने तिच्या तोंडून हे वाक्य काढलं नसतं.

‘मनाचे खेळ!’ हा दुसरा आक्षेप. २०१७ साली अशा बायोफीडबॅकच्या २४ अभ्यासांतल्या ४८४ जणांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा ताण आणि चिंता बरीच उतरलेली दिसली. अभ्यास लहान आहेत, एकेकात सरासरी वीसच माणसं. तेवढी शंका रास्त आहे. या शास्त्राच्या आद्य संशोधकांपैकी नील मिलर यांना तर आपलेच उंदरांवरचे गाजलेले निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत, आणि त्यांनी ते कबूल केलं. खुळात असली कबुली नसते.

माझं भांडण आहे ते चिंता मुळापासून घालवण्याची हमी देत हेडबँड विकणाऱ्यांशी, आणि समुपदेशकाचा पगार वाचवायला कोपऱ्यात एक यंत्र मांडणाऱ्या संस्थाचालकांशी. राहिलेल्या विषयाची केटी, थकलेली फी, बापाचं कर्ज क्लिपने हलत नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तेवढंच तिचं काम. आणि डबा बांधणारा माणूस काठावर लागतोच.

त्या मुलीचा डबा तीन आठवड्यांत सुटला. केटी अजून सुटायची आहे.