खेळाचे नवे नियम आणि जुने खेळाडू

गतवर्षीं एका शनिवारीं आपल्या शाळेच्या वाचनालयांत घडलेला एक लहानसा प्रसंग अद्याप माझ्या मनांतून जात नाहीं. शाळा सुटल्यावर तेथें सातआठ विद्यार्थी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळावयास जमतात व त्यांजवर देखरेख ठेवण्याचें काम मजकडे आहे. त्या दिवशीं इयत्ता नववींतील एक मुलगा या खेळाच्या नियमांचें २०२४ सालचें नवें पुस्तक घेऊन आला आणि डाव चालू असतां म्हणाला, “सर, हा नियम आतां बदलला आहे.” मोठीं मुलें एकमेकांकडे पाहून हंसलीं. सांगावयास लाज वाटते, परंतु मींही त्यास “तें पुस्तक मिटून ठेव,” असें म्हटलें. पुढील दोन शनिवार तो मुलगा आला नाहीं. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून जे विचार मनांत आले, ते आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

ज्या पालकांस हा खेळ ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करितो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन आपण काय करणार तें सांगतो. आणि जी गोष्ट साधेल कीं नाहीं याविषयीं शंका असेल, तिचा निर्णय वीस बाजूंच्या फांशानें होतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं रचिलेला हा खेळ १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. यांत खेळाडूंनीं एकमेकांस हरवावयाचें नसून सर्वांनीं मिळून एक कथा घडवावयाची असते. म्हणून येथें नियम म्हणजे सर्वांनीं एकमेकांस दिलेला शब्दच होय. तो मध्येंच फिरला, तर मन दुखावणें साहजिक आहे.

आणि हे नियम अनेकदां बदलले आहेत. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत चिलखताचा आंकडा जितका लहान, तितकें संरक्षण अधिक, अशी उलटी रीत होती. प्रतिपक्षाचा आंकडा ५ असेल, तर पहिल्या पायरीवरील योद्ध्यानें २० मधून ५ वजा करावे, आणि फांशावर १५ किंवा अधिक पडल्यास वार लागला असें समजावें. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें ही रीत सरळ केली. तेंच चिलखत आतां १५ आंकड्याचें झालें. फांशाचें दान व योद्ध्याचें कौशल्य यांची बेरीज १५ पर्यंत पोहोंचली कीं वार लागला. वजाबाकी गेली आणि बेरीज आली. चिलखत होतें तेवढेंच राहिलें.

परंतु प्रत्येक बदल इतका निरुपद्रवी नसतो. २००८ सालची चौथी आवृत्ति इतकी निराळी होती कीं पुष्कळ खेळाडूंनीं ती स्वीकारलीच नाहीं. आणि पुढच्याच वर्षीं पायझो या प्रकाशनसंस्थेनें जुन्या नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ प्रसिद्ध केला. २०१४ सालीं पांचवी आवृत्ति निघाली. आपल्या विद्यार्थ्यांनीं शिकलेली व मला शिकविलेली ती हीच. २०२४ सालचें पुस्तक हें तिचेंच सुधारलेलें रूप आहे.

आतां आमच्या वाचनालयांतील वादाकडे वळूं. ‘क्युअर वुंड्स’ नांवाचा जखमा भरून काढणारा एक मंत्र आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणें त्याला आठ बाजूंचा एक फांसा मिळे. नव्या नियमांत दोन मिळतात. उलट ‘पॅलाडिन’ या व्रतस्थ योद्ध्याचा ‘डिव्हाइन स्माइट’ हा प्रहार पूर्वीं, मंत्रशक्ति शिल्लक असल्यास, आपल्या एकाच पाळींत जितके वार लागतील तितक्या वेळां करितां येई. आतां तो पाळींत एकदांच करितां येतो. नववींतील मुलाचें पात्र जखमा भरणारें होतें. दहावींतील एका मुलानें दोन वर्षें पॅलाडिन जोपासला होता. म्हणजे जो एकाचा लाभ, तोच दुसऱ्यास आपला तोटा वाटत होता. आणि मीं दोघांपैकीं कोणाचेंच ऐकून घेतलें नव्हतें. जुने नियम मला पाठ होते, एवढेंच माझें कारण!

या प्रसंगावरून माझें असें मत झालें आहे कीं, नियम नवा कीं जुना हा प्रश्न दुय्यम असून, तो कोणी, केव्हां व कोणाच्या संमतीनें लागू केला, हा मुख्य प्रश्न आहे. आपल्याकडील जुन्या देशी बुद्धिबळांत प्यादें पहिल्या खेळींतही सामान्यतः एकच घर पुढें जाई. आंतरराष्ट्रीय पद्धतींत तें दोन घरें जाऊं शकतें. दोन्ही पद्धति चांगल्या आहेत. परंतु एकानें एक व दुसऱ्यानें दुसरी धरून डाव मांडला, तर तेथें बुद्धिबळ न होतां भांडण होईल.

म्हणून मोठ्या विद्यार्थ्यांस माझें सांगणें असें कीं, नवे नियम वाचल्यावांचून त्यांस नांवें ठेवूं नका. निदान चार बैठका ते जसेच्या तसे खेळून पाहा. जुन्यांतील आवडता तुकडा पहिल्याच दिवशीं त्यांत मिसळलात, तर कोणत्याच नियमांची खरी परीक्षा होणार नाहीं. लहानांस सांगणें असें कीं, चालू कथेच्या मध्यें नवें पुस्तक पुढें करून दुसऱ्याच्या पात्राचें बळ काढून घेणें न्यायाचें नव्हे. आरंभ केलेली कथा जुन्या नियमांनीं संपवावी व नवी कथा नव्या नियमांनीं मांडावी.

पालक विचारतील कीं, दर दहा वर्षांनीं नवीं पुस्तकें काढणें हा प्रकाशकाचा व्यापार नव्हे काय? तो व्यापारही आहे, हें मला मान्य आहे. परंतु नवें पुस्तक निघाल्यानें जुन्यांतील अक्षरें पुसलीं जात नाहींत. शिवाय मूळ नियमांचा मोठा भाग प्रकाशकांनीं विनामूल्य उपलब्ध केला आहे, आणि एका मेजाला एक प्रत पुरते. मुलानें हट्ट धरिला म्हणून प्रत्येक घरानें खर्च करावा, अशी मुळींच गरज नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत मीं त्या मुलास मधल्या सुट्टींत गांठून “माझें चुकलें” असें सांगितलें, आणि नवे नियम मला शिकविशील काय, म्हणून विचारिलें. तो प्रथम कांहींच बोलला नाहीं. मग दप्तरांतून पुस्तक काढून पायरीवर माझ्या शेजारीं बसला. त्या शनिवारीं सर्वांनीं मिळून ठरविलें कीं, चालू कथा जुन्या नियमांनीं पुरी करावयाची व जूनपासून नवी आरंभावयाची. तसें झालें. पॅलाडिन खेळणाऱ्या मुलास आपला जुना प्रहारच अधिक आवडतो व तो तसें उघड म्हणतो. परंतु जखम झाली कीं दोन फांसे टाकावयास त्या नववींतल्या मुलालाच हांक मारितो.

मित्रहो, आज जें पुस्तक तुमच्या हातीं नवें आहे, तेंही एके दिवशीं जुनें होईल, आणि तुमच्याहून लहान कोणीतरी “हा नियम बदलला आहे” म्हणून तुमच्यापुढें उभा राहील. त्यास बसावयास खुर्ची द्या, आणि त्याचें म्हणणें संपेपर्यंत फांसा हातांतच ठेवा.