घाई घड्याळाची, कसोटी मे महिन्याची

1998 साली इंटेलच्या सेलेरॉन 300ए प्रोसेसरने धमाल उडवली. तो होता 300 मेगाहर्ट्झचा. हौशी मंडळींनी बसचा वेग 66 वरून 100 वर नेला आणि पठ्ठ्या 450 वर धावू लागला! हेच ओव्हरक्लॉकिंग.

डहाणू-तलासरीत हा उद्योग करायचाय? मग आधी खोलीतला तापमापक बघा. पंखा प्रोसेसरवर खोलीतलीच हवा फेकतो ना! जानेवारीत 25 अंशांच्या खोलीत 78 अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात, 35 अंशांच्या खोलीत, 88 च्या आसपास जाईल. म्हणून चाचणी घ्यायची ती उन्हाळ्यात, भर दुपारी.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' आहे ना, ते पाहा. बायोसमध्ये एका वेळी 100 मेगाहर्ट्झच वाढवा, अर्धा तास भरपूर काम द्या, तापमान बघा. 85 ओलांडलं की मागे फिरा. व्होल्टेज मात्र वाढवू नका! ते 10 टक्के वाढलं, तर उष्णता 21 टक्के वाढते. वर्गाचा हिशोब करून बघा.

आणि हो, वॉरंटी जाऊ शकते. तेव्हा बायोस उघडण्याआधी आई-बाबांना विचारलंत ना?