मावशीची रांगोळी आणि छत्तीस रुपये

माझी मावशी एका औष्णिक वीज केंद्राच्या शेजारच्या गावात राहते. वसुबारसेच्या संध्याकाळी काढलेली तिची रांगोळी सकाळपर्यंत करडी पडते. फुंकर मारून ती पुन्हा रंग भरते. गेल्या दिवाळीत मी तावातावानं म्हणालो, ‘‘चिमण्यांना एफजीडी बसवायलाच हवी!’’ नंतर कळलं, मी भलत्याच यंत्राचं नाव घेतलं होतं. राख अडवणारं यंत्र वेगळं. एफजीडी चुनखडीच्या पाण्यानं धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढते आणि तो रांगोळीवर दिसत नाही. वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाताना त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि कुणाच्या तरी छातीत उतरतात. कुणाच्या, ते कळत नाही. मग फायदा मांडायचा तरी कुणाच्या नावावर?

खर्चाचं पान मात्र चोख लिहिलेलं. मेगावॉटमागे सुमारे १.२ कोटी, म्हणजे चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटला साडेतीन हजार कोटी. युनिटमागे पंचवीस-तीस पैसे. शिवाय चुनखडी खणा, वाहून आणा, केंद्राचीच थोडी वीज त्यात घाला. आपल्या कोळशात गंधक कमी आणि राख फार, हेही खरंच. २०१५ साली केंद्र सरकारनं सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातल्या, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५मध्ये जवळपास ७८ टक्के वीजनिर्मिती संचांना एफजीडीतून सूट मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरांच्या आत सक्ती राहिली. वाऱ्याला हे वर्तुळ कोण समजावणार?

डहाणूत हा वाद आधीच होऊन गेला आहे. चिकूच्या बागांच्या या तालुक्यात ५०० मेगावॉटचं केंद्र. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं १९९९मध्ये एफजीडी बसवायला सांगितली. ती सुरू झाली २००७मध्ये. आठ वर्षं गेली, पण केंद्र काही बंद पडलं नाही.

सरसकट सक्ती मला पटत नाही, सरसकट सूट तर त्याहून नाही. कुठल्या चिमणीचा धूर कुठवर जातो हे मोजून, तो हिशेब लोकांपुढे ठेवून ठरवा.

हा लेख छापायला देण्याआधी मावशीला फोन केला. महिन्याला १२० युनिटं, ३० पैशांनी छत्तीस रुपये जास्त, देशील?

‘‘देईन की,’’ ती म्हणाली, ‘‘पण मग रांगोळीवर राख नाही ना पडणार?’’