नि:शस्त्र कर्तव्याची नोंद

धाराशिव जिल्ह्याच्या स्मृतीत सप्टेंबर महिन्यातील दोन तारखा शेजारी शेजारी आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. पुढे १८ सप्टेंबर १९५५ रोजी याच जिल्ह्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला. पहिल्या तारखेला रणात पडलेल्यांचा गौरव होतो आणि दुसऱ्या तारखेला देहाची आसक्ती जिंकणाऱ्याचा.

दख्खनच्या भूमीला हे दोन्ही गौरव जुन्या काळापासून ठाऊक आहेत. लढताना पडलेल्या योद्ध्यासाठी वीरगळ उभारला जाई आणि समाधिमरण साधलेल्या साधकासाठी निषिधीचा दगड. परंतु जो शस्त्र उचलत नाही, संन्यासही घेत नाही, केवळ नेमून दिलेले काम करण्यासाठी धोक्याच्या ठिकाणी जातो आणि तेथेच प्राणास मुकतो, त्याच्यासाठी कोणता दगड उभारावयाचा? टपाल, रस्तेबांधणी, आरोग्य, वकिलात, निवडणूक अशा खात्यांतील नागरी कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न आहे आणि तो आजही पुरता सुटलेला नाही.

रवींद्र म्हात्रे यांचे उदाहरण पाहावे. हे मराठी अधिकारी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे भारताच्या वकिलातीत सहायक आयुक्त होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन ते बसमधून उतरले आणि घराकडे निघाले असता काश्मीरच्या नावाने चळवळ करणाऱ्या एका सशस्त्र गटाने त्यांचे अपहरण केले. तिहार तुरुंगातील मकबूल बट याची सुटका आणि मोठी खंडणी अशी त्या गटाची मागणी होती. दोन दिवसांनी म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. बर्मिंगहॅम हे काही रणक्षेत्र नव्हते. पण एका सशस्त्र संघर्षाची झळ हजारो मैलांवरच्या शांत गल्लीत पोहोचली आणि तिने भारताचा प्रतिनिधी एवढ्याच कारणासाठी एका नि:शस्त्र माणसाचा बळी घेतला.

पुण्यात मुठा नदीवरील एका पुलाला त्यांचे नाव देण्यात आले. शिक्षणासाठी वा व्यापारासाठी पुण्यात असलेली धाराशिवची कितीतरी मंडळी ‘म्हात्रे पूल’ हे शब्द दिवसातून दोनदा उच्चारतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नाव ओठांवर येते. माणूस मात्र आठवत नाही. नाव दिले म्हणजे स्मरण झाले असे नव्हे. त्या नावाखाली चार ओळींचा वृत्तान्त नसेल तर एका पिढीत ते केवळ पत्त्याचा भाग होऊन राहते.

याच्या तुलनेत एक चांगला दाखलाही आहे. ७ जुलै २००८ रोजी काबूलमधील भारतीय दूतावासाच्या दारात आत्मघाती स्फोट झाला आणि पन्नासांहून अधिक लोक मारले गेले. मृतांमध्ये परराष्ट्र सेवेतील व्ही. वेंकटेश्वर राव, ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे दोन जवान होते. एक नागरी अधिकारी, एक सैनिक आणि दोन पोलीस. परंतु देशाने चौघांनाही मरणोत्तर कीर्तिचक्र हाच सन्मान दिला. अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही पदके नागरिकांनाही मिळू शकतात, ही तरतूद त्या दिवशी सार्थ ठरली. संयुक्त राष्ट्रांचे डाग हॅमरशोल्ड पदकही याच न्यायाने शांतिसेनेतील मृत सैनिक, पोलीस आणि नागरी कर्मचारी या सर्वांना सारखेच दिले जाते. गणवेश कोणता होता, हे ते पदक विचारत नाही.

परंतु दूतावासातील अधिकाऱ्याचे नाव वृत्तपत्रात येते; वाहनचालकाचे नाव लवकर विसरले जाते. अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम हा सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता भारताच्या सीमा सडक संघटनेने बांधला. त्या कामावरील मणिअप्पन नावाच्या केरळी चालकाला नोव्हेंबर २००५ मध्ये तालिबानने पळवून नेऊन ठार केले. त्याच्या हाती बंदूक नव्हती, गाडीचे चाक होते. सन्मानाची कसोटी लागते ती अशाच माणसापाशी.

येथे एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल की, सरकारी नोकराला पगार मिळतोच. मग वेगळा सन्मान कशासाठी? व्यापारी घराण्यांना याचे उत्तर सहज उमगावे. पगार हे कामाचे मोल आहे. माल पोहोचविण्याचे भाडे ठरविताना कोणी गाडीवानाच्या जिवाची किंमत त्यात धरत नाही. म्हणून तो जीव गेला, तर भाडे चुकते केल्याने हिशेब पुरा होत नाही. हे देणे निराळे असते आणि ते निराळ्या खात्यावर मांडावे लागते.

शासनानेही हे देणे काही अंशी मान्य केले आहे. केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यास कर्तव्य बजावताना अपघाताने किंवा समाजकंटकांच्या हिंसेत मृत्यू आल्यास कुटुंबास २५ लाख रुपये, सीमेवरील चकमकीत वा अतिरेक्यांच्या विरोधातील कारवाईत आल्यास ३५ लाख, तर युद्धात शत्रूच्या कारवाईने आल्यास ४५ लाख रुपये सानुग्रह साहाय्य देण्याचे दर १ जानेवारी २०१६ पासून ठरले. निवडणूक आयोगाच्या नियमांनुसार मतदानाच्या कामावर मृत्यू आल्यास किमान १५ लाख आणि भूसुरुंग वा सशस्त्र हल्ल्यात आल्यास ३० लाख रुपये द्यावयाचे असतात. गडचिरोलीच्या जंगलात मतदानयंत्रे घेऊन जाणारे शिक्षक आणि लिपिक याच नियमांच्या आधारावर घराबाहेर पडतात. रक्कम कागदावर आहे. ती घरापर्यंत पोहोचण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, खात्याचा अहवाल आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज लागतात. शोकात बुडालेल्या घरातील स्त्रीला कचेरीच्या पायऱ्या चढावयास लावणे हा त्या मृत्यूचा अपमानच होय.

जैन विचाराने पाहिले तर या गौरवाला विशेष अर्थ येतो. अहिंसेचा उपासक युद्धाचा जयजयकार करणार नाही. परंतु आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने ज्यांना लहानपणापासून शिकविली जातात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की भयग्रस्त प्रदेशात धान्य, औषध आणि शिक्षण प्रत्यक्ष पोहोचते ते अशाच कर्मचाऱ्यांच्या हातून. दान देणारा हात जेथे जाऊ शकत नाही, तेथे यांचे पाय जातात. कोणाच्याही वधाचा संकल्प मनात न धरता हे लोक धोक्यात उभे राहतात. वर्धमानांना ‘महावीर’ म्हणणाऱ्या समाजाला शस्त्राविना वीरत्व असू शकते, हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही.

समाजाने करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक तालुक्यातील जैन संघाने एक नोंदवही ठेवावी. आपल्या तालुक्यातील जो कोणी नागरी कर्मचारी, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो, संघर्षाच्या प्रदेशात कर्तव्य करताना गेला असेल, त्याचे नाव, पद, ठिकाण, तारीख आणि तो तेथे कोणते काम करीत होता हे तीत लिहावे. ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याविना नाव मुके राहते. १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनानंतर ती पाने मोठ्याने वाचली जावीत. अशा घराची कागदपत्रे पुरी होईपर्यंत हिशेबाची जाण असलेल्या एका सदस्याने त्या कुटुंबासोबत कचेरीत जावे आणि मुलांच्या शिक्षणाचा भार संघाच्या शिष्यवृत्ती निधीने उचलावा.

ज्या घरांत वर्षाची वही पाडव्याला पूजली जाते, त्यांना नोंदीचे मोल सांगावे लागत नाही. वहीत न लिहिलेले देणे दुसऱ्या पिढीत बुडते. म्हणून हे देणे फेडण्याआधी ते लिहून ठेवण्याचे काम तरी याच वर्षी व्हावे.