परदेशभेट आणि कामाची वही

शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी परदेशी जाऊन तेथील शेती व तेथील लोकजीवन पाहावे, ही कल्पना आता कोणास नवी वाटत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर द्राक्षांच्या निमित्ताने दूरदेशीची नावे घरोघरी परिचित झाली आहेत. तथापि, परदेशभेटीतून तरुणाने नेमके काय शिकून यावे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. तेथील ट्रॅक्टर, तेथील काचगृहे, तेथील दुभत्या गाईंचे गोठे यांची वर्णने आपण ऐकतो. ही वर्णने मनोरंजक असतात, परंतु ती ऐकून गावची एकही चारी वेळेवर साफ होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते परदेशी जाऊन आणण्याजोगी खरी वस्तू निराळीच आहे. चार अनोळखी माणसांना बरोबर घेऊन एखादे सामाईक काम ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशांत कसे पार पाडावे, ही रीत होय. नव्या भाषेत हिला प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. नाव भारदस्त असले तरी गोष्ट साधी आहे.

आमचा द्राक्ष बागाईतदार या विद्येत कच्चा आहे, असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाली की त्याच्या डोक्यात पुढील चार साडेचार महिन्यांचे वेळापत्रक तयार असते. डोळे कधी फुटतील, विरळणीस मजूर कोणत्या दिवशी लागतील, डिपिंग कधी करावयाचे, पाऊस आला तर कोणती फवारणी पुढे आणावयाची, हे सर्व तो जाणतो. एक दिवस चुकला तर पुढील दहा दिवस कसे ढळतात हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. 2010 साली क्लोरमेक्वॅटच्या उर्वरित अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली. वापरलेल्या प्रत्येक औषधाची नोंद ठेवणे किती महत्त्वाचे असते, हे तेव्हापासून त्याला अधिकच कळले आहे. मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की ही सारी दक्षता बांधाच्या आत राहते. बांधाबाहेरचे काम आले, बंधाऱ्यातील गाळ काढावयाचा असला किंवा शिवारातील रस्ता दुरुस्त करावयाचा असला, की हाच दक्ष मनुष्य "बघू, होईल" असे म्हणून मोकळा होतो. सामाईक कामात कोणी कोणास जाब विचारावा हे ठरलेले नसते. शिवाय सर्व मंडळी एकमेकांच्या नात्यातली किंवा ओळखीतली असल्याने लिहून ठेवणे अविश्वासाचे लक्षण मानले जाते.

परदेशी तरुणांबरोबर केलेल्या कामाचा उपयोग येथे होतो. जेथे भाषा समान नाही, नाते नाही आणि सवयीही समान नाहीत, तेथे काहीही गृहीत धरता येत नाही. कोण काय करील, कोणत्या दिवशी करील, त्यास किती खर्च येईल, आणि काम पुरे झाले असे केव्हा म्हणावयाचे, हे सर्व बोलून व लिहून ठेवावे लागते. परक्या माणसांबरोबर काम करताना ही शिस्त नाइलाजाने अंगी येते आणि एकदा आली की ती घरच्या माणसांतही वापरता येते.

या रीतीचा उगम शेतीतच झालेला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम या शिक्षकाने 1902 साली शेतकऱ्यांच्या मुलांचे मंडळ सुरू केले. त्यातून व तशाच इतर मंडळांतून पुढे फोर-एच ही चळवळ वाढली. या मंडळांत मुलाने एक लहानसे काम स्वतःचे म्हणून पत्करावयाचे असे. मक्याचा एखादा तुकडा किंवा एखादे वासरू त्याच्याकडे असे. त्याने त्याचा जमाखर्च ठेवावयाचा आणि हंगामाच्या शेवटी उत्पन्नाचा हिशेब सर्वांपुढे मांडावयाचा. या कामास ते प्रकल्प म्हणत. दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1948 साली, त्याच चळवळीतून आंतरराष्ट्रीय शेतकरी तरुण विनिमय योजना निघाली. तीत एका देशातील तरुण दुसऱ्या देशातील शेतकरी कुटुंबात जाऊन राहत, त्यांच्याच बरोबर शेतात राबत आणि त्यांच्याच पंक्तीस जेवत. पुढील दशकात भारतातील तरुणही या योजनेत सामील झाले. कॅनडात 1971 साली जाक एबेर यांनी स्थापन केलेली कॅनडा वर्ल्ड यूथ ही संस्था 2022 साली बंद झाली, परंतु तिची पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन देशांतील तरुणांच्या जोड्या लावीत. काही महिने एका देशात व काही महिने दुसऱ्या देशात, यजमान कुटुंबांत राहून, त्यांनी गावाच्या उपयोगाचे काम करावयाचे असे. युरोपीय संघाच्या तरुण विनिमय योजनेत तर तरुणांचे गट आपल्या कार्यक्रमाची आखणी स्वतःच करतात, त्यासाठी खर्चाचा अंदाज द्यावा लागतो आणि शेवटी काय साधले याचा अहवालही द्यावा लागतो.

परदेशी रीत आपल्या मातीत रुजत नाही, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने कॅनडातील नमुन्यावरून शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. महाराष्ट्रातील सुमारे दीडशे गावांत तो झाला. मंडळातील लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि निमंत्रकाने त्याचा वृत्तांत केंद्राकडे पाठवावा, अशी व्यवस्था होती. पुढे हीच पद्धत देशाच्या इतर भागांतही नेण्यात आली. रेडिओचा खोका तर पुष्कळ गावांत होताच. या प्रयोगात नवे काही होते तर ते निमंत्रकाचा वृत्तांत हे होते.

ओझर गावाला दुसऱ्या देशाकडून काम शिकण्याची परंपराच आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. 1964 साली येथे मिग-21 विमानांच्या बांधणीसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग स्थापन झाला. सोव्हिएत तंत्रज्ञ येथे येऊन राहिले, आणि आपले लोक तिकडे जाऊन शिकून आले. प्रथम आलेले सुटे भाग जुळवावयाचे आणि क्रमाक्रमाने कच्च्या मालापासून विमान घडवावयाचे, अशी पायरी पायरीने ती विद्या येथे उतरली. परत येणाऱ्या कारागिराची वाट कारखान्यातील यंत्र पाहत होते. शेतकऱ्याचा मुलगा परदेशाहून परत येतो तेव्हा त्याची वाट कोण पाहत असते?

हा प्रश्न विचारताना मला स्वतःस दोष द्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक तरुण अशाच एका विनिमयात भाग घेऊन परतला. आम्ही त्याचा सत्कार केला, श्रीफळ दिले व त्याचे भाषण ठेवले. त्याने भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे पडद्यावर दाखविली आणि सभा संपली. तू तेथे कोणते काम अंगावर घेतले होतेस, ते कोठे अडले, आणि येथे कोणते काम घेशील, यांपैकी एकही प्रश्न मी त्यास विचारला नाही. सहा महिन्यांनी तो बाजारात भेटला तेव्हा शेतीच्या औषधांच्या दुकानात नोकरीस लागला होता. नोकरी वाईट नव्हे. परंतु त्याने आणलेले काहीतरी आम्ही वाया घालविले ही रुखरुख मनातून जात नाही.

त्यानंतर दुसरा प्रसंग घडला. तीन परदेशी तरुण पाहुणे ओझरपासून जवळच्या एका गावी दहा दिवस राहिले. गावातील आठ मुलेमुली त्यांच्या सोबतीस होती. एका ओढ्यावरील जुन्या बंधाऱ्यातील गाळ काढावयाचा बेत होता. पहिल्या संध्याकाळी पाहुण्यांपैकी एका मुलीने दोन प्रश्न विचारले. गाळ काढून झाला हे आपण कशावरून ठरविणार? आणि यंत्र आलेच नाही तर काय? आमची मुले हसली. यंत्राच्या मालकाने शब्द दिलेला होता. तथापि तिने वहीत एक रकाना पाडला, त्यावर "न झाल्यास" असे एका मुलाकडून मराठीत लिहून घेतले आणि तो रकाना तसाच कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी यंत्र आले नाही व चौथ्याही दिवशी आले नाही. मालकाने ते दुसऱ्या मोठ्या कामावर पाठविले होते. दोन दिवस सर्वांनी फावडी व घमेली हाती घेतली, आणि ठरल्याच्या निम्म्याच लांबीत गाळ निघाला. मजजवळ तेव्हा सबब तयार होती. परंतु गावातील एका मुलीने, जी वाणिज्य शाखेत शिकत होती, ती वही जपून ठेवली. पुढील वर्षी रब्बीच्या पहिल्या आवर्तनापूर्वी चारीची सफाई करावयाची होती. तेव्हा तिने त्याच रकान्यांत चारीचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यापुढे घराचे नाव व तारीख घातली, आणि "न झाल्यास" या रकान्यात मजुरीने काम करून घेऊन तो खर्च त्या घराकडून घ्यावयाचा, असे सर्वांच्या सह्यांनिशी लिहून घेतले. सहीस प्रथम नकार देणाऱ्यांत तिचे चुलतेच होते.

सामाईक कामाच्या शिक्षणासाठी ओझरसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर आहे आणि ओझरच्या जमिनी त्याच्या कालव्याच्या शेवटच्या टोकास येतात. धरण झाले तरी पुच्छभागाकडील शेतकऱ्यास पाणी पोहोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने समाज परिवर्तन केंद्राने हा प्रश्न हाती घेतला. 1990 च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, मोजमापाप्रमाणे आकार भरावयाचा, आणि आपसांतील पाळ्या आपणच लावावयाच्या, असा त्यांचा क्रम होता. ओढ्यानाल्यांवरील बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून विहिरींना पाझर देण्याची युक्तीही त्यांनी योजिली. पुढे वाघाडच्या लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था झाल्या आणि 2003 साली सबंध प्रकल्पाची मिळून एक संस्था स्थापन झाली. राज्याचा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा 2005 साली आला, म्हणजे या भागातील शेतकरी कायद्याच्या आधीच पुढे गेले होते.

पाणी धरणातून सुटल्यापासून शेवटच्या शेतात पोहोचेपर्यंत किती माणसांनी किती गोष्टी वेळेवर कराव्या लागतात, याचा विचार वाचकांनी करावा. मागणी अर्ज, थकबाकी, दारांची दुरुस्ती, पाटकऱ्याची रात्रपाळी, वरच्या शेतकऱ्याचा हट्ट, खालच्याचा संशय, मोजमापाचे आकडे! एक आवर्तन पार पाडणे म्हणजे एक प्रकल्प पार पाडणे होय. यास्तव माझे असे मत आहे की ज्या तरुणाने आपल्या गावी निदान एका आवर्तनाचे काम संस्थेच्या बरोबर राहून केले आहे, त्याची वही ठेवली आहे, त्यालाच परदेशी पाठविण्यात अग्रक्रम मिळावा. आज निवड करताना सातबारा, शिक्षण व इंग्रजी बोलण्याची तयारी पाहिली जाते, आणि कोणाची शिफारस आहे हेही पाहिले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. केलेल्या कामाची वही मागितली तर शिफारशीचे वजन आपोआप कमी होईल. इंग्रजीची भीती अवाजवी आहे. ज्याला आपले काम ठाऊक आहे तो तुटक्या भाषेतही ते समजावून देतो, आणि ज्याला काम ठाऊक नाही त्याचे अस्खलित इंग्रजी ऐकून यजमान शेतकरी लवकरच कंटाळतो.

परत आल्यावर एक वर्षाचे एक काम त्याच्याकडे सोपविले पाहिजे, आणि ते कोणते हे जाण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरले पाहिजे. काम लहान असावे. शंभर मीटर चारी चालेल, परंतु ते पूर्ण व्हावे. फसले तर का फसले हे त्याने सभेत सांगावे आणि सभेने ते न हसता ऐकून घ्यावे. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे, कारण अपयशाचा हिशेब मांडणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही.

मुलींच्या बाबतीत थोडे अधिक लिहिणे भाग आहे. निवडीच्या यादीत त्यांची नावे तुरळक दिसतात. घरच्यांची काळजी मी समजू शकतो. तथापि, शेताचा मजुरांचा हिशेब, दुधाचा हिशेब आणि बचत गटाची वही अनेक घरांतून मुली व सुनाच सांभाळतात. वही ठेवण्याची विद्या ज्यांच्या हाती आधीच आहे त्यांनाच आपण घरी ठेवतो आणि ज्यांना ती शिकवावी लागते त्यांना विमानात बसवितो. गावपातळीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी या बाबतीत पालकांच्या घरी स्वतः जावे. परिपत्रक फलकावर लावून हे काम होणार नाही.

तसेच, विनिमय म्हटला की तो दोन्ही बाजूंनी व्हावयास हवा. आपली मुले तिकडे जातील तशी तिकडील मुले ओझरला येऊन एक आवर्तन शेवटपर्यंत पाहतील, रात्री पाटकऱ्याबरोबर दारावर बसतील, तर त्यांनाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पाणी कमी पडले असता ते भांडण न होता वाटावे कसे, हा प्रश्न आता श्रीमंत देशांपुढेही उभा आहे.

वर उल्लेखिलेल्या गावी यंदाही चारीची सफाई त्या वहीप्रमाणे झाली. सतरा तुकड्यांपैकी सोळा तुकडे तारखेस पुरे झाले. मोरीजवळचा एक तुकडा राहिला असून त्यापुढील रकान्यात कारण लिहिलेले नाही. ती मुलगी आता नोकरीनिमित्त नाशिकला असते आणि वही तिच्या धाकट्या भावाकडे आहे. येत्या सोमवारी त्या गावी माझी फेरी आहे, तेव्हा रकाना कोरा का राहिला हे त्यास विचारीन.