शेंगदाणा पोसतो कीं फुगवितो?

आमच्या मंडळाचे एक जुने सभासद गेल्या पंधरवड्यांत कार्यालयांत आले ते कांहींसे खिन्न होऊन. तालुक्याच्या गांवीं प्रकृतीची तपासणी झाली, वजन अधिक भरलें, रक्तांत साखर निघाली, आणि आहारांतून तत्काल वर्ज्य करावयाच्या वस्तूंची एक यादी त्यांच्या हातीं पडली. त्या यादींत शेंगदाणा पहिला. ज्यानें चाळीस वर्षें भुईमूग पिकविला त्यानें घरचा दाणा तोंडांत टाकूं नये, मात्र तोच दाणा दुसऱ्यानें खावा म्हणून बाजारांत न्यावा, हें त्यांस पटेना. "दाणा वाईट असेल तर आपण तो लोकांस विकतों कशाला?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. तो एकट्या त्यांचा नाहीं, म्हणून त्यास येथें उत्तर देणें आम्हांस योग्य वाटतें.

प्रथम आरोप काय तो पाहूं. तो खोटा नाहीं. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारें ५६७ उष्मांक असतात व वजनाचा जवळजवळ निम्मा भाग निव्वळ तेल असतो. कोंकणचा काजू आणि दूरदेशचा बदाम हेहि याच पंगतीचे. (वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भुईमूग हा कवचाच्या फळांत मोडत नाहीं, तो तूर-हरभऱ्याच्या कुळांतला, परंतु खाणाराच्या पोटास कुळाशीं कर्तव्य नाहीं.) तेलाच्या एका ग्रॅमास ९ उष्मांक, प्रथिनांस व पिष्टास ४, हा हिशेब ॲटवॉटर नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविला. आजहि पाकिटांवर छापलेले आंकडे बहुधा त्याच हिशेबाचे असतात.

परंतु उष्मांकांचा हा हिशेब सर्व पदार्थांस सारखा लागू पडत नाहीं. २०१२ सालीं अमेरिकेच्या सरकारी शेती खात्याच्या संशोधकांनीं माणसांस मोजून बदाम खावयास घातले, त्यांच्या मलमूत्राचीहि परीक्षा केली, आणि शरीरानें प्रत्यक्षांत किती घेतलें तें काढलें. २८ ग्रॅम बदामांत पाकिटाच्या हिशेबानें १७० च्या आसपास उष्मांक. अंगीं लागले ते १२९. कारण असें कीं, दाण्यांतील तेल सूक्ष्म पेशींच्या भिंतींआड कोंडलेलें असतें. दांतांनीं कांहीं भिंती फुटतात, पुष्कळशा तशाच राहतात, व त्यांतील तेल न पचतां बाहेर पडतें. या प्रयोगास बदाम पिकविणारांच्या मंडळानेंहि पैसा पुरविला होता, हें आम्ही वाचकांपासून लपवूं इच्छीत नाहीं. पुढें अक्रोड व काजू यांचेहि आंकडे असेच, पण कमी फरकानें, खालीं आले. मात्र बदाम वाटून त्याचें लोण्यासारखें पीठ केलें, तेव्हां ही सूट नाहींशी झाली.

हें शेवटचें वाक्य आमच्या भगिनीवर्गानें ध्यानांत घ्यावें. दख्खनच्या स्वयंपाकघरांत दाणा सबंध खाल्ला जातो थोडा. कुटाच्या रूपानें जातो फार. कूट म्हणजे फुटलेल्या भिंती. एकादशीच्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडींत कूट, काकडीच्या कोशिंबिरींत कूट, वर दाण्याची आमटी, आणि शेवटीं गुळाचा लाडू! असा उपवास करून वजन वाढलें तर दोष दाण्यास देणें कितपत न्याय्य होईल?

प्रकृतीवरील परिणामाविषयीं पुरावा आतां पुष्कळ जमला आहे. कॅलिफोर्नियांतील ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांची पाहणी १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आठवड्यांतून पांच किंवा अधिक वेळां असे दाणे खाणारांस हृदयविकाराचा धोका, क्वचित् खाणारांच्या मानानें, निम्म्याच्या आसपास आढळला. तथापि ही मंडळी मुळांतच मद्य व तंबाखू यांपासून दूर राहणारी. श्रेय दाण्यास किती व संयमास किती, हें सांगणें कठीण. म्हणून आम्हांस २०१५ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी अधिक मोलाची वाटते. ती दोन लाखांहून अधिक माणसांची होती. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील बहुतांशीं गरीब लोक व चीनमधील शांघायचे रहिवासी असे तींतले लोक, आणि त्यांच्या ताटांत बदाम-पिस्ते नव्हते, मुख्यतः आपला भुईमूगच होता. सर्वांत अधिक खाणारांत मृत्यूचें प्रमाण सुमारें पांचव्या हिश्श्यानें कमी निघालें. स्पेन देशांत तर साडेसात हजारांच्या आसपास लोकांवर प्रत्यक्ष प्रयोगच झाला; रोज ३० ग्रॅम मिश्र दाणे खाणाऱ्या गटांत हृदयविकार व पक्षाघात चतुर्थांशाहून अधिक कमी झाले, आणि वजन वाढलें नाहीं. हा निबंध २०१३ सालीं निघाला. पुढें गट पाडण्याच्या पद्धतींत दोष आढळल्यामुळें लेखकांनीं तो मागें घेऊन २०१८ सालीं सुधारून पुनः छापला. निष्कर्ष बहुतांशीं टिकला.

वजन कां वाढत नाहीं? दाणा चावावा लागतो, पोटास धीर देतो, आणि मग मनुष्य दुसरें कमी खातो. येथेंच खरी मेख आहे. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत जितके उष्मांक, साधारण तितकेच तीस ग्रॅम दाण्यांत; प्रथिनें मात्र भाकरींत पांच ग्रॅम, तर दाण्यांत सात ते आठ. तेव्हां चहाबरोबरची खारी, बिस्किटें किंवा फरसाण काढून त्या जागीं मूठभर भाजके दाणे घेतले तर लाभच आहे. फरसाण खाऊन वर दाणे घेतले तर नाहीं. ट्रॅक्टर आल्यापासून आपली अंगमेहनत घटली, जेवण मात्र नांगराच्या काळचेंच राहिलें, हेंहि प्रांजळपणें कबूल करूं. ज्यास दाण्यानें अंगावर गांधी उठतात किंवा घसा सुजतो त्यानें तो शिवूंहि नये, मूत्रपिंडाचा विकार असणारानें वैद्याचा शब्द मानावा, व लहान मुलांच्या घशांत सबंध दाणा अडकतो म्हणून त्यांस तो देऊं नये. आमच्या सभासदांस आम्हीं सांगितलें कीं, दाणा रक्तांतील साखर एकदम चढवीत नाहीं. पुनः जाऊन 'बंद कीं बेताचा' एवढें विचारून या. त्यांनीं लाडवाबद्दलहि विचारलें. त्यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं.

आमच्या मतें दाण्याचा खरा शत्रु उष्मांक नव्हे, बुरशी होय. आणि तिचा दोष पुष्कळ अंशीं आपल्या पदरीं येतो. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत त्याचें कारण सांपडलें. त्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्यानें यकृताचा कर्करोग होतो, आणि भाजल्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. पीक तयार होण्याच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला, काढणींत शेंगेस खुरप्याची जखम झाली, किंवा ओल्या शेंगांचा ढीग लागला, कीं बुरशीस घर मिळतें. फोडणीच्या वेळीं दाणा तुटूं नये व वजन भरावें म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची जी चाल आहे ती तर आम्ही अधर्म समजतों. काळे, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून टाकावे, तर ते स्वस्तांत गरिबाच्या चटणींत जातात. पेंडीवाटे गाईच्या पोटांत जाऊन तेंच विष बदललेल्या रूपानें दुधांत उतरतें. शहरांतील ग्राहकानें दाण्याकडे पाठ फिरविली तर ती चरबीच्या भीतीनें फिरविण्यापेक्षां या कारणानें फिरविणें अधिक सयुक्तिक होईल.

जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेनें हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या सहकार्यानें काढलेले गिरनार-४ व गिरनार-५ हे वाण २०२० पासून पुढें आले आहेत. त्यांच्या तेलांत ओलिक आम्ल शेंकडा ८० च्या घरांत असतें. साधारण वाणांत तें निम्म्याच्या आसपास. ऑलिव्ह तेलाची जी थोरवी गातात ती याच आम्लासाठीं, शिवाय दाणा लवकर खवट होत नाहीं. आपल्या जमिनींत ते कसे उतरतात तें पाहण्यास दोन-तीन सभासदांनीं पुढें यावें. आणि या हंगामांत मंडळानें ओलावा मोजण्याचें एक यंत्र घेऊन गोदामाच्या दारांत ठेवावें. शेंकडा आठ-नवाहून अधिक ओलाव्याची शेंग, मग ती कार्यकारी मंडळींपैकीं कोणाची कां असेना, पुनः उन्हांत घालण्यास परत पाठवावी.